पोलिसांच्या कानावर आहे

जे आता लिहितो आहे ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बरोबरीच्या अधिकाऱ्यांना नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. ती घटना मला दर पोळ्याला आठवते. बैलांच्या घुंगरमाळा वाजायला लागल्या की पुरणपोळीचा घास तोंडातच फिरत राहतो. नोकरीत खून, दरोडे, दंगे पुष्कळ पाहिले. त्यांतले बरेचसे आता सांगायचे तर जुने कागद चाळावे लागतील. हे प्रकरण एका छापील पत्रकाचं होतं. त्या पत्रकाचा तपास मी केला, आणि त्यातलं सगळ्यांत घातक वाक्य माझं होतं.

नावं कोणाचीच देत नाही. गाव अकोला जिल्ह्यातलं, बार्शीटाकळीच्या पुढचं, एवढं पुरे. त्या गावच्या शाळेत शिक्षक असलेल्या माझ्या मित्राला मी मास्तरच म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

आम्ही अमरावतीला एका वर्गात होतो. मी चांदूर रेल्वेकडच्या शेतकरी घरातला, शिकायला काकांकडे राहिलेला. तो अमरावतीचाच. शाळेच्या रांजणाला त्याने हात लावायचा नाही अशी पद्धत होती. मधल्या सुट्टीत मी वरून पाणी ओतायचो आणि तो ओंजळीने प्यायचा. यात काही वाईट आहे असं मला तेव्हा वाटतही नव्हतं. त्याला काय वाटत होतं, ते मी विचारलं नाही.

माझे काका कोर्टात कारकून. त्यांचे भारदस्त शब्द मला फार आवडायचे. एकदा निबंधात मी लिहिलं, 'सदर कुत्रा शाळेच्या आवारात संशयास्पद रीतीने वावरताना दिसला.' मास्तरने ती ओळ वाचली आणि मला विचारलं,

"कुत्रं काय करून राह्यलं होतं?"

"झोपलं होतं."

"मंग झोपलं होतं असं लिव ना बाप्पा. त्या गरिबावर खटला कावून भरून राह्यला?"

आणि पेन्सिलीने ओळ खोडली.

ती पेन्सिल कायम त्याच्या कानावर असायची. छापलेलं काहीही हाती लागलं, मग ती धातुपुष्टीच्या औषधाची जाहिरात असो की सर्कशीचा कागद, की पुढे वेगळा विदर्भ हवा-नको यावरची दोन्ही बाजूंची पत्रकं असोत, तो कान चाचपायचा. जे कोणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल तेवढ्याखाली रेघ मारायची, बाकीचं कोरं सोडायचं. एखाद्या अख्ख्या कागदावर एकच रेघ उरायची. "पाह्य, एवढंच खरं. बाकी नुसता फुगा," असं म्हणून तो कागद मला द्यायचा.

पुढे मी फौजदार झालो. दुसऱ्याच बदलीत त्या भागात आलो, तर हा दोन कोसांवरच्या गावात शिक्षक. त्या दीड वर्षासारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. दर रविवारी सायकल काढायची आणि त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं. कोरा चहा, मूठभर भाजलेले शेंगदाणे, आणि दोघांत मिळून एक शिळं वर्तमानपत्र. तो रेघा मारायचा, मी भांडायचो. ठाण्यात सगळे साहेब म्हणायचे. तो एकटाच "काय फौजदार, आज कोणाले धरलं?" असं विचारायचा. आता मला तसं विचारणारं कोणी नाही.

धर्मांतराला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. गावातल्या बौद्ध वस्तीने मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं होतं. बैठकीत तसा ठराव झाला आणि तो लिहून वाचून दाखवला मास्तरने. गाव आधी हसलं, मग चिडलं. त्याच उन्हाळ्यात पोलीस पाटलाचा म्हातारा बैल मेला. दोन दिवस कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, पडून होता. तिसऱ्या दिवशी पाटलाने स्वतः त्याच्या पायाला दोर बांधला आणि भर दुपारी गावातून ओढत नेला. लोक दारादारांत उभे राहून पाहत होते. पाटील त्यावर कधी काही बोलला नाही. नोकरीत एक गोष्ट मी पाहिली आहे: जो माणूस अपमानावर आरडाओरडा करतो त्याची फार चिंता करू नये.

मास्तरने मात्र एक वेगळंच काम चालवलं होतं. शाळेत लांब तरटपट्टी होती. वस्तीतली मुलं आणि गावातली मुलं तिच्यावर सरमिसळ बसायची. हे कोणाच्या हुकमाने झालं नव्हतं. दिवे लागायच्या सुमारास तो घरोघर फिरून आईबापांशी बोलायचा, उद्या पोरगी पाठवा म्हणून. त्या वाटेवर गुरांचे कोठे होते.

आता माझ्या चुकीकडे येतो.

दर आठवड्याला ठाण्यातून वर एक गोपनीय अहवाल जायचा. त्यात 'लोकांमधील चर्चा' असा एक रकाना होता. तो कोरा सोडला की वरून लाल शाईत शेरा यायचा, 'अधिकाऱ्याचा लोकांशी संपर्क नाही.' असे दोन शेरे मला मिळाले होते. बाजाराच्या दिवशी पोलीस पाटील हजेरीला आला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारलं, काही विशेष?

"विशेष काय साहेब. तो मास्तर सांजच्याले कोठ्यांकडं फिरते, असं म्हून राह्यले लोक."

"कोण म्हणतं?"

"लोक."

मास्तर कोठ्यांकडे का जातो ते मला ठाऊक होतं. त्याच्या तोंडून दर रविवारी ऐकत होतो. तरी रकाना रिकामा होता, पाटील समोर होता आणि दौत उघडी होती. मी लिहिलं, 'सदर गावचे शिक्षक जनावरांच्या कोठ्यांजवळ संशयास्पद रीतीने वावरताना दिसत असल्याचे पोलिसांच्या कानावर आहे.' वाटलं, हा कागद फायलीत जाईल आणि तिथेच मरेल. आणि काही झालंच तर मी बसलोय ना.

इथवर निष्काळजीपणा झाला. पुढचं पोलिसाशिवाय कोणाच्या हातून झालं नसतं. जबाब लिहिला की तो देणाऱ्याला वाचून दाखवायचा, ही आमची हाडात मुरलेली सवय. गोपनीय अहवाल कोणाला वाचून दाखवायचा नसतो. मी दाखवला. पाटील हात जोडून ऐकत होता. त्याची स्मरणशक्ती दांडगी. गावातला तीस वर्षांचा जन्ममृत्यू तोंडपाठ.

"झकास लिवलं साहेब," एवढं म्हणून तो गेला.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली. दुबार पेरलेली जवारी गुडघ्याच्या खालीच सुकत उभी होती. पोळा पंधरा दिवसांवर आला असताना चरायला गेलेल्या कळपातले पाच बैल एका सकाळी पोट फुगून, पाय झाडत मेले. तासाभरात खेळ संपला. पोळ्याच्या तोंडावर बैल जाणं म्हणजे काय, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. गावात चूल पेटली नाही.

चौथ्या दिवशी पोलीस पाटील ठाण्यात आला आणि टेबलावर एक गुलाबी कागद ठेवला. "गिरणीवर चिकटवेल होता साहेब. बाजारातबी वाटले म्हणे. लोक लय भडकेल आहेत."

वर मोठ्या टायपात 'गावकऱ्यांनो, सावध व्हा'. खाली प्रश्नच प्रश्न. आपल्या लक्ष्म्या कोणी मारल्या? मेलेल्या ढोराला हात न लावणारे जिवंत ढोराला हात लावत नसतील कशावरून? मास्तरचं घर गुरं जमतात त्या आखराजवळच का? आणि शेवटी: 'सदर शिक्षक जनावरांच्या कोठ्यांजवळ संशयास्पद रीतीने वावरताना दिसत असल्याचे पोलिसांच्या कानावर आहे. मग तुम्ही का झोपलात?'

शब्द न् शब्द माझा होता. पाटील शांतपणे पायांच्या बोटांकडे पाहत उभा होता.

मी सायकल काढून गावात गेलो. शाळेची तरटपट्टी अंथरलेली होती आणि तिच्या एका टोकाला फक्त वस्तीतली मुलं बसली होती. मास्तरने त्यांना सोडलं. आम्ही पायरीवर बसलो. पत्रक त्याच्याकडेही होतं. त्याने कानावरची पेन्सिल काढली. बैल मेले, याखाली रेघ. घर आखराजवळ आहे, याखाली रेघ. झालं.

"प्रश्नाले रेघ मारता येत नाई," तो म्हणाला. "म्हून त्यानं प्रश्न लिवले. प्रश्न खोटा आहे असं कोणी म्हणू शकत नाई. पण गाव प्रश्नानं नाई भ्यालं, फौजदार. ह्या शेवटच्या ओळीनं भ्यालं. बाकी सगळं गावातलं हाय. ह्या ओळीले सरकारी वास येते. गाव म्हणते पोलिसाले ठाव आहे. पोलीस म्हणते गावात चर्चा आहे. मंधात पाह्यलं कोणीच नाई."

मी पत्रकाची घडी घातली.

"ही ओळ कुठून आली ते शोध. मले मारहाणीचं भय नाई. पण ही पट्टी एकडाव दुभंगली तं मी अथून उठलो समज. मंग अथी राहून काय करू?"

"शोधतो," मी म्हणालो.

तपास मी मन लावून केला. हे सांगताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

पहिल्यांदा कळपाच्या ढोरक्याला बोलावलं. साठीचा माणूस, अंग चोरून बसला. जनावरं कशी मेली ते मी विचारलंच नाही. विचारलं, "बाबा, तुमच्या कळपातले कोणकोणते बैल गेले? नावं सांगा."

"ढवळ्या," तो म्हणाला. "चांद्या. अन् तो... मोत्या." मोत्यापाशी त्याचा आवाज गेला. मी पाणी दिलं आणि वाट पाहिली. दडपलेला माणूस धाकाला सरावलेला असतो, दयेला नसतो.

"डोळा लागला साहेब. बाभळीखाली. उठून पाह्यतो तं सगळे जवारीत शिरेल. हाकलले, पण पडाले लागले ना एकामागं एक."

पाण्यावाचून खुरटलेली कोवळी जवारी गुरांना विष होते, हे वऱ्हाडात कोणाला शिकवावं लागत नाही. गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ते ठाऊक होतं. पत्रक आल्यावर एकालाही आठवलं नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"आधी भेवानं नाई बोललो. मंग कागद आला. कागदात तं मास्तराचं होतं. मले वाटलं, छापलं हाय म्हंजे माह्याच पाह्यण्यात चूक असंन."

गुरांच्या डॉक्टरांनी पोटातला चारा तपासून तेच सांगितलं. अकोल्याला छापखाने पालथे घातले. एका छापखानदाराने कुरकुरत पत्रकाचा हस्तलिखित कागद काढून दिला. अक्षर ओळखायला तज्ज्ञ लागला नाही. त्याच अक्षरातले रिपोर्ट माझ्या कपाटात होते. पोलीस पाटलाला बोलावलं. रायटर जमादार लिहायला बसला होता. कागद पुढे ठेवताच पाटलाने नाकारलं नाही.

"माहंच अक्षर हाय. मी लिवलं. माह्या बैलाले मी कसा ओढला ते अख्ख्या गावानं पाह्यलं, साहेब. ढोरं न ओढायचा ठराव त्या मास्तरानंच वाचला होता." मग थोडं थांबून म्हणाला, "पण तेवढी शेवटची ओळ माही नाई. ती तुमची हाय. तुमीच वाचून दाखवली. कोर्टात इचारलं तं मी खोटं कसं बोलू?"

त्याच्या आवाजात धमकी नव्हती. असती तर बरं झालं असतं. मला रागावता आलं असतं. जमादाराने मान वर केली. मी त्याला म्हणालो, जा, चहा सांगून या.

त्या चहाच्या वेळात मी ठरवलं. गोपनीय अहवाल बाहेर फुटला, एवढ्यावर नोकरी जाऊ शकत होती. घरी आजारी आई होती, लग्न ठरलं होतं. ही कारणं खरी आहेत. त्यांच्याखाली मास्तरनेही रेघ मारली असती. पाटलाला दम देऊन सोडला. हस्तलिखित आणि जमादाराने लिहिलेला अर्धा जबाब घरी नेऊन चुलीत घातला. प्रकरणाच्या कागदात लिहिलं, 'पत्रक लिहिणारा इसम अद्याप मिळून आलेला नाही, तपास चालू आहे.'

मास्तरला सांगितलं, बैल जवारीने मेले हे सिद्ध झालंय.

"अन् ती ओळ?"

"ती सापडत नाही."

त्याने पेन्सिल काढली आणि तशीच परत कानावर ठेवली. मग म्हणाला, "बरं, नसू दे. पोळ्याले सगळं गाव तोरणाखाली जमते. तू बंदोबस्ताले येशीनच. तथी उभा राह्य अन् एवढंच सांग, की पोलिसाच्या कानावर असं काई नव्हतं. माह्यासाठी एवढं एक वाक्य बोल. गाव कागदावर इश्वास ठेवते, त्याच्याहून जास्त वर्दीवर ठेवते. सोमवारी पोरं परत येतीन."

"बोलतो," मी म्हणालो.

पोळ्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. झूल घातलेल्या जोड्या रांगेत उभ्या. वस्तीतले लोक मारुतीच्या पाराच्या पलीकडे, मास्तर त्यांच्यात. डोक्यावर टोपी, हातात छत्री. मी उभा राहिलो आणि खड्या आवाजात सांगितलं, की बैल खुरटी जवारी खाऊन मेले, डॉक्टरांचा दाखला आहे, कोणी विष घातलं नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले. काहींनी ओशाळून माना डोलावल्या. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी होतं.

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी विचारलं, "मंग मास्तराचं काय साहेब? पोलिसाच्या कानावर होतं म्हणे."

पाटील नव्या जोडीचा कासरा धरून तोरणाशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं. 'असं काही नव्हतं' म्हटलं तर तो तिथेच बोलेल, असं मला वाटलं. आज वाटतं, बोलला नसता. त्यालाही लपवायचं होतंच.

मी म्हणालो, "त्याचा तपास चालू आहे."

यात खोटं काही नव्हतं. कागदोपत्री पत्रकाचा तपास चालूच होता. पण गर्दीतून जो हुंकार आला तो मी जन्मभर विसरलो नाही. ज्या माना ओशाळून डोलल्या होत्या त्या आता जाणतेपणाने डोलल्या. तोरण तुटलं, बैल सुटले, घुंगरांचा गदारोळ झाला. तो ओसरला तेव्हा पाराच्या पलीकडे मास्तर नव्हता.

सोमवारी गावातली मुलं आली नाहीत. पंधरवड्यात त्याच्या बदलीचा हुकूम आला. 'शांतता राहावी म्हणून' अशी शिफारस माझ्याच ठाण्यातून गेली होती, माझ्या सहीने.

शेवटच्या रविवारी मी गेलो. तो ट्रंकेत पुस्तकं भरत होता. चहा केला नाही. आजवर असं झालं नव्हतं.

"अमरावतीला गेलास की कळव," मी म्हणालो.

"हो."

मग ट्रंकेचं झाकण लावता लावता, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "त्या कुत्र्याची ओळ आठवते का रे तुले?"

मी मान डोलावली.

"मी पह्यल्याच दिवशी वळखलं, पायरीवर. दुसरं कोण लिवते असं? मले वाटलं, आज सांगशीन. मंग वाटलं, इतवारी सांगशीन. पोळ्याले तं पक्कं वाटलं." त्याने कडी लावली. "तू लिवलं याचं काई नाई. रकाना भरा लागते, समजते मले. पण तू खोडलं कावून नाई?"

एस.टी. आली. ट्रंक टपावर चढवायला मी हात लावला, तो त्याने लावू दिला. त्यानंतर आमची भेट नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते पुढे मी नव्या फौजदारांना वर्षानुवर्षं सांगत आलो. पत्रक हाती आलं की खरं-खोटं नंतर बघा, आधी विचारा, यातलं कोणी पाहिलं. 'लोक म्हणतात' दिसलं की त्या लोकांतल्या एकाचं नाव मागा. एकाच तोंडातून निघालेली गोष्ट दोन वाटांनी परत आली तर तिला दोन साक्षीदार समजू नका. आणि अपप्रचाराला खोट्याची गरज लागतेच असं नाही. वेळेवर बोललेलं अर्धवट खरं पुरतं. ते वहीत उतरवून घेत. चांगलं शिकवता साहेब, म्हणत. हे मी कोणाकडून शिकलो ते मी कधी सांगितलं नाही.

निवृत्त झाल्यावर अमरावतीला गेलो होतो. त्याची गल्ली विचारून काढली. तो ओट्यावर बसला होता, केस पांढरे झालेले, मांडीवर वर्तमानपत्र पसरलेलं. पेन्सिल कानावरच होती. शेजारची जागा रिकामी होती. रस्त्याच्या या बाजूला पानठेल्याच्या आडोशाला मी बराच वेळ उभा राहिलो. त्याने एकदा पेन्सिल काढली, रेघ मारली, आणि शेजारी कोणी बसलेलं असावं तसा कागद जरा त्या बाजूला कलता केला. मग पान उलटलं. मी परत स्टेशनवर आलो.

ते वाक्य माझं होतं आणि ते खोटं होतं, एवढं मला त्याच्यासमोर बसून, आणि मग त्या गावच्या तोरणाखाली उभं राहून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.